अकरा कॅरॅव्हॅनच्या मागे

परदेशात जाताना घरून दहा किलो बटाटे कशाला न्यायचे, असं कुणी विचारलं असतं तर हिल्डाने त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं असतं. अठरा वर्षं ती युगोस्लाव्हियाला जाताना बटाटे नेत आली होती. शिवाय चार पाकिटं कॉफी, शेंगदाण्याच्या लोण्याच्या तीन बरण्या आणि पावावर घालायचा चॉकलेटचा चुरा. तिकडे बटाटे मिळत नव्हते असं नाही, पण ते तिकडचे बटाटे होते. नेदरलँड्समधल्या बार्नेफेल्डच्या त्यांच्या गल्लीत कॅरॅव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं छोटं घर, असलेली सहा घरं होती आणि सहाही घरं आपापले बटाटे घेऊनच निघायची.

या वर्षी मात्र बटाट्यांच्या पोत्याखाली आणखी काही होतं. लंगोटांची दोन पाकिटं आणि तान्ह्या मुलांच्या दुधाच्या पावडरचे सहा डबे. ते तिने पडद्यांच्या पिशवीत झाकून गाडीत ठेवले आणि बुधवारी दुपारी ती तेउनच्या शेतावर निघाली. गुरुवारी पहाटे निघायचं होतं, शनिवारी दुपारी पोचायचं होतं. सन १९९१, जूनचा पहिला आठवडा.

तेउन म्हातारा शेतकरी. कोंबड्यांचा धंदा बंद केल्यापासून तो आपल्या लांबलचक कोठारात लोकांच्या कॅरॅव्हॅन हिवाळाभर ठेवून घ्यायचा. त्याची एक पद्धत होती आणि ती पद्धत म्हणजे देवाची आज्ञा. ऑक्टोबरात गाडी ठेवायला आलात की पुढच्या उन्हाळ्यात निघायची तारीख सांगायची. तो ती दाराजवळच्या पाटीवर खडूने लिहायचा आणि त्या क्रमाने गाड्या लावायचा, आधी निघणारी दाराशी, उशिरा निघणारी भिंतीशी. एकदा लागली की लागली. मध्येच कुणाला लवकर हवी झाली तर पुढच्या सगळ्या गाड्या हलवायला लागायच्या. त्यामुळे नऊ महिने आधी सांगितलेली तारीख माणसं लग्नाच्या तारखेसारखी पाळायची.

हिल्डाने पिशव्या उतरवल्या आणि पाटीकडे बघितलं. उद्याच्या, सहा जूनच्या तारखेपुढे त्यांच्याऐवजी ओस्टरहाउस कुटुंबाचं नाव लिहिलं होतं.

आधी तिला वाटलं आपण चष्मा विसरलो. चष्मा नाकावरच होता. आत बघितलं तर दाराशी ओस्टरहाउसांची नवीकोरी पांढरी गाडी उभी आणि आपली पिवळट पट्ट्याची जुनी कॅरॅव्हॅन पार तिकडे, भिंतीला टेकून. तिच्यापुढे एकूण अकरा गाड्या.

तेउन बादली घेऊन चालला होता. तिने त्याला विचारलं, ही काय भानगड. म्हाताऱ्याने बादली खाली ठेवली.

"तुमचा बेरेंडच येऊन बदलून गेला की, बाई. मेमध्ये, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सुट्टीत पाच-सहा गाड्या तशाही बाहेर निघाल्या होत्या, तेव्हा. म्हणाला, आम्ही ऑगस्टात जाऊ. ओस्टरहाउसांना लवकर हवीच होती." मग तिचा चेहरा बघून तो हळूच म्हणाला, "तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

स्वर्गारोहणाची सुट्टी. म्हणजे चार आठवडे झाले. हिल्डाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण हे चार आठवडे बेरेंड, तिचा नवरा, नगरपालिकेच्या पाणी खात्यातला अत्यंत सज्जन कारकून, रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसत होता. निळ्या पेन्सिलीने रस्ता, लाल पेन्सिलीने पेट्रोलचे पंप. दर पन्नास किलोमीटरला बारीक टिंब. मोटार क्लबला त्याने दोनदा फोन केला, सगळं आपल्या फाइलमध्ये लिहून ठेवलं. हिल्डा भांडी पुसता पुसता त्याच्या वाकलेल्या मानेकडे बघायची. तिला वाटायचं, माणूस घाबरट आहे पण लेकीसाठी छाती करून निघालाय. एकदा तर तिने त्याच्या टकलावर ओठ टेकले होते. आता ते आठवून तिला आपलीच लाज वाटली. ज्या वाटेने जायचंच नाही तिचे पंप मोजत होता तो.

लिस्बेट, त्यांची एकुलती एक लेक, तीन वर्षांपूर्वी युगोस्लाव्हियातल्याच समुद्रकाठच्या कॅरॅव्हॅनच्या तळावर दामिरला भेटली आणि लग्न करून क्रोएशियातल्या ओसिएकजवळच्या त्याच्या गावी राहायला गेली. तिला पाच महिन्यांची मुलगी होती, निना. मेच्या सुरुवातीला त्या भागात गोळीबार झाला, पोलीस मेले. तेव्हापासून शेजारचं सर्ब गाव आणि दामिरचं क्रोएट गाव, दोन्ही गावांनी आपापल्या वेशीवर झाडं पाडून रस्ते अडवले होते. दामिर शिकारीची बंदूक घेऊन पहाऱ्यावर जायचा. बायकोपोरीला माहेरी पाठव म्हटलं तर तो ऐकायचा नाही. ज्यांच्या बायका गाव सोडून गेल्या त्यांच्या दारावर लोकांनी डांबराने 'गद्दार' लिहिलं होतं.

लिस्बेटची सासू फोनच्या शेजारी खुर्ची टाकून बसायची. तिला डच कळत नसे, पण आवाजाचा सूर कळायचा. म्हणून गेल्या रविवारी लिस्बेट हसत हसत बोलत होती.

"आई, तूही हस. काल रात्री पलीकडच्या घरावर गोळ्या मारल्या, निनाला मी न्हाणीघरात घेऊन झोपले. हसतेयस ना? गाडी एकटी आणू नका, कॅरॅव्हॅन आणा. नुसती गाडी दिसली तर सगळ्यांना कळेल की न्यायला आलेत. कॅरॅव्हॅन दिसली की म्हणतील, आले दरवर्षीचे डच, चाललेत नातीला समुद्र दाखवायला. दामिरही त्याला हो म्हणालाय."

समुद्रापासून इटलीची सीमा दोन तासांवर होती आणि निनाचं नाव लिस्बेटच्या पासपोर्टात होतं. समुद्रावरून गावाकडे न परतता थेट घर गाठायचं, हे दोघींपैकी कुणी बोललं नाही. नुसत्या हसल्या. मग बेरेंडने फोन घेतला आणि आपल्या त्या शांत, भरवशाच्या आवाजात म्हणाला, "शनिवारी दुपारी बारा वाजता, पोरी. सूप करून ठेव."

त्या वेळी कॅरॅव्हॅन भिंतीला टेकून उभी होती आणि त्याला ते माहीत होतं.

हिल्डाने तेउनला सांगितलं, कॅरॅव्हॅन काढायची आहे, आत्ता. तेउन म्हणाला, ते कसं शक्य आहे, अकरा गाड्या लोकांच्या, त्यांना विचारायला हवं, माझं जेवणही व्हायचंय. ते सगळं खरं होतं. हिल्डाला त्या दुपारी खऱ्या गोष्टींचा भयंकर कंटाळा आला होता. दारामागच्या खिळ्यांवर सगळ्यांच्या कुलपांच्या किल्ल्या होत्या. तिने ओस्टरहाउसांची काढली, कुलूप उघडलं, हातब्रेक सोडला आणि नव्याकोऱ्या गाडीला खांदा लावला. बावन्न वर्षांची बाई, पायात बागेतल्या लाकडी चपला. गाडी तसूभर हलली. तिने पाय रोवून पुन्हा जोर लावला.

"बाई, कंबर मोडून घ्याल."

"मोडू दे. माझी आहे."

 तेउनने टोपी मागे सारली आणि ट्रॅक्टर आणायला गेला. जाता जाता मात्र त्याने बेरेंडच्या कचेरीत फोन केला. म्हातारा सगळ्यांशी नीट वागणारा होता आणि हिल्डाला त्याचाही राग आला.

एकेक गाडी बाहेर निघाली. तिसऱ्या गाडीत कुणाच्या तरी बशा फुटल्या. सातवीचा टायर बसलेला होता, त्यात हवा भरण्यात अर्धा तास गेला. हिल्डा गाडीचा पुढचा दांडा धरून दिशा द्यायची, तेउन ओढायचा. तिच्या तळव्यांना फोड आले. प्रत्येक गाडीबरोबर तिला बेरेंडची एकेक संध्याकाळ आठवत होती, आणि राग उतरण्याऐवजी नवा होत होता. निळी पेन्सिल. लाल पेन्सिल. "म्युनिकच्या पुढे कॉफीला थांबू, हिल्डा." थांबू म्हणे.

चार वाजेपर्यंत अकरा गाड्या कुरणात वेड्यावाकड्या उभ्या होत्या आणि पिवळ्या पट्ट्याची कॅरॅव्हॅन उन्हात आली होती. हिल्डाने पिशव्या आत टाकल्या आणि तेउनच्या मदतीने ती आपल्या मोटारीच्या हुकात अडकवली, तेवढ्यात बेरेंड सायकलवरून आला. सायकल त्याने नीट स्टँडवर लावली, कुलूप घातलं. मागच्या थैलीतून फाइल काढली. आल्या आल्या त्याने अकरा गाड्या बघितल्या आणि पहिलं वाक्य काय म्हणाला, तर ओस्टरहाउसांना कळवलंय का.

 त्याने फाइल उघडून विम्याचा कागद पुढे केला. त्यातली एक ओळ त्याने पट्टी लावून अधोरेखित केली होती. दंगल, बंड किंवा नागरी अशांतता यांत झालेलं नुकसान भरून दिलं जाणार नाही. ना गाडीचं, ना कॅरॅव्हॅनचं, ना माणसांचं. मोटार क्लबने समुद्राकाठचे रस्ते ठीक आहेत असं सांगितलं होतं, पण ओसिएकचं नाव काढल्यावर तिथल्या माणसाने 'तुमच्या जबाबदारीवर' एवढंच म्हटलं होतं. बेरेंड हे सगळं समजावून सांगत होता, पाण्याच्या बिलाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला सांगावं तसं.

"मी आपल्या भल्यासाठीच केलं, हिल्डा. ऑगस्टपर्यंत शांत होईल सगळं."

"रविवारी तू तिला बारा वाजता म्हणालास."

"मग फोनवर काय सांगणार होतो पोरीला?"

"खरं. म्हणजे तिने दुसरं काहीतरी केलं असतं. पायी निघाली असती, कुणाच्या पाया पडली असती. तीन दिवस झाले, ती आपल्या भरवशावर सूप करायला बसलीय."

"आज जेवताना सांगणारच होतो तुला."

 हिल्डाला दिसलं की तो मनापासून घाबरलाय. एकवीस वर्षांची असती तर तिला कीव आली असती. तिने त्याच्या हातातली फाइल काढून घेतली. गाडीची कागदपत्रं आणि निळ्या-लाल टिंबांचा नकाशा ठेवला आणि अधोरेखित केलेला विम्याचा कागद त्याच्या हातात परत दिला. तेवढा तुझा, म्हणाली.

ती गाडीत बसल्यावर बेरेंड खिडकीशी आला. बाजूचे लांब आरसे लावलेले नाहीत, म्हणाला. कॅरॅव्हॅन ओढताना आरसे नसले तर पोलीस थांबवतील.

"मग लाव."

त्याने कॅरॅव्हॅनच्या कपाटातून आरसे काढले. डावा लावला, उजवा लावला, स्क्रू पिळले, खिडकीतून तिच्या नजरेच्या रेषेत डोकं आणून कोन तपासला. नियम मोडलेला त्याला बघवत नसे. खोटं बोलणं कसं जमलं, देव जाणे.

"तू कधीच ओढलेली नाहीस ही," तो म्हणाला. "तुला मागे घेता येणार नाही."

"मागे घ्यायला कोण चाललंय?"

तो पलीकडच्या दाराकडे आला. दाराच्या मुठीवर हात ठेवला, पण उघडलं नाही. ती थांबली. अगदी मनातल्या मनात दहा मोजावेत इतकी थांबली. त्याने कुरणाकडे बघितलं आणि म्हणाला, "या गाड्या अशा उघड्यावर ठेवता येणार नाहीत."

"नाहीच येणार," हिल्डा म्हणाली. "तू लाव आत. पाटीवर क्रम लिहिलेला आहे."

तेउन खाली मान घालून लाकडी चपलांनी गवत उकरत होता. तिने त्याला विचारलं, तुमच्या स्वयंपाकघरातून एक परदेशी फोन केला तर चालेल का. तो चटकन हो म्हणाला. गाडी तशीच चालू ठेवून ती आत गेली. फोड आलेल्या हातांनी तिने तो लांबलचक नंबर फिरवला. तीनदा लागला नाही. चौथ्यांदा घंटा गेली, आणि फोन लिस्बेटनेच उचलला. मागे निना रडत होती, सासू काहीतरी बोलत होती.

"शनिवारी, दुपारी बारा," हिल्डा म्हणाली. "कॅरॅव्हॅन घेऊन. बाबा येत नाहीयेत, मी एकटी चालवतेय. आता हस, लिस्बेट."

 सासूने काहीतरी विचारलं. मग लिस्बेट हसायला लागली, जोरजोरात, सासूलाही हसू यावं इतकं, आणि इकडे तेउनच्या खिडकीबाहेर बेरेंड पहिल्या गाडीला खांदा लावत होता.