लाल, उजव्या हाताला

लाल चिमट्याच्या आतल्या पत्र्यावर अजून थोडी जेली होती, वाळत आलेली, कडेला पांढुरकी झालेली… आणि ओल्या कापसाने ती पुसता पुसता तिला वाटलं, कपडे वाळत घालायच्या चिमट्याचा थोरला भाऊ शोभेल असली ही वस्तू, आणि हिने सकाळी भर वॉर्डात माझी अब्रू घालवली. लाल उजव्या हाताला. पिवळा डाव्या हाताला. हिरवा डावा पाय, काळा उजवा पाय. झोपेतून उठवून विचारा, सांगेन. तिने चिमटा मशीनच्या दांडीला अडकवला, परत काढला आणि परत पुसला.

सकाळी तसं म्हटलं तर काहीच झालं नव्हतं. हृदयरोगाच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर कवायतीचे एक निवृत्त मास्तर होते, त्यांचा ईसीजी काढायला इनचार्ज सिस्टरांनी तिला पाठवलं. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, हात चालव, म्हणाल्या. तिने हात चालवला, जराही न थरथरता, एका दमात, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठसुद्धा थोपटून घेतली. मग डॉक्टरांनी मशीनमधून निघालेली कागदाची पट्टी उजेडाला धरली, त्यांच्या भुवया वर गेल्या. "मास्तरांचं हृदय उजव्या बाजूला आहे की काय?" हे अर्धं गमतीत, खाटेपाशीच. आणि पुढचं, टेबलापाशी गेल्यावर, हळू आवाजात: "हातांचे चिमटे उलटे लावलेत, सिस्टर. पट्टी परत काढा." दुसरी पट्टी सिस्टरांनी स्वतः काढली. ती बाजूला उभी होती — म्हणजे नुसती जागा अडवून होती.

सिस्टर ओरडल्या नाहीत. त्या कधीच ओरडत नाहीत, तेच वाईट. "मोबाईलवर बघून शिकलीस ना?" एवढंच. आणि मग, औषधांच्या ट्रॉलीकडे वळता वळता, "संध्याकाळची पट्टी तूच काढायची. मी शेजारी असेन, पण तोंड उघडणार नाही. चुकलीस तर उद्यापासून इथे येऊ नकोस. हे पोस्टिंग पुढच्या वर्षी, पुढच्या बॅचबरोबर."

मोबाईलवर. हो, मोबाईलवर शिकले, मग कुठे शिकणार होते? कॉलेजच्या प्रॅक्टिकलच्या खोलीत एक मशीन, एक प्लास्टिकचा पुतळा, आणि त्याच्याभोवती एवढ्या मुली, की मागच्या रांगेला पुतळा हा ऐकीव प्रकार. माझा नंबर आला तेव्हा घंटा झाली… मोबाईलने कधी घंटा दिली नाही. थांब म्हटलं की थांबायचा, पुन्हा म्हटलं की पुन्हा, कपाळाला आठी नाही. वरच्या वर्गातल्या एका मुलीच्या हातापाया पडून तिने त्या मशीनवर एक व्हिडिओ करून घेतला होता. पलंगावर पेशंट म्हणून तिची रूममेट — जिला सगळं हॉस्टेल रेडिओ म्हणतं, कारण ती बंद होत नाही — आणि तिनेच पायथ्याच्या दांडीला टेकवून ठेवलेला माझा मोबाईल; मी स्वतः तेव्हा ड्युटीवर. मग तो व्हिडिओ बघत, खोलीत, कपड्यांचे चार रंगीत चिमटे घेऊन रेडिओच्या मनगटांवर आणि घोट्यांवर सराव. काळा चिमटा दुकानात मिळाला नाही, म्हणून निळ्यालाच काळा दोरा गुंडाळला होता. इतकं सगळं केलं. आणि तरी…

पुसलेलं मशीन ढकलत ती वॉर्डातून निघाली, तेव्हा तिला मास्तर दिसले. उताणे, डोळे छताकडे, आणि डाव्या हाताचा तळवा छातीवर — उजव्या बाजूला. बोटं किंचित पसरलेली, काहीतरी पकडायला दबा धरून बसल्यासारखी. आधी तिला कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी डॉक्टरांचं पहिलं वाक्य ऐकलं होतं. दुसरं टेबलापाशी झालं. मग घाईघाईने परत काढलेली पट्टी, कुणी काही बोलत नाही… माणूस काय समजेल? सकाळपासून हा म्हातारा आपलं हृदय भलत्याच बाजूला शोधतो आहे. जाऊन सांगावं. पण सांगणार कोण — जिला दोन हात ओळखता आले नाहीत ती? ती मशीन ढकलत पुढे गेली, आणि पुढे गेल्याचा तिला राग आला.

जेवणाच्या खोलीत रेडिओ चालूच होती. तिने एका कानात इअरफोन घातला, व्हिडिओ लावला. चूक कुठे आहे ते सापडल्याशिवाय मी इथून उठणार नाही, घास गिळला काय आणि नाही काय. पडद्यावर सीनियरने लाल चिमटा उचलला, उजवीकडे लावला. बरोबर. पिवळा डावीकडे. बरोबरच की! आणि तेवढ्यात कानात रेडिओचा आवाज, व्हिडिओतला: "हळू गं, तिथली कातडी पातळ आहे."

तिने व्हिडिओ मागे घेतला. परत ऐकला. हा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता. खोलीत रात्रपाळी करून आलेल्या मुली दिवसा झोपलेल्या असत, म्हणून ती नेहमी आवाज बंद करून बघायची. समोर जेवायला बसलेली रेडिओ डाव्या हाताने पाण्याची बाटली धरून बोलत होती, आणि त्या मनगटावर इस्त्रीचा जुना चट्टा होता, गुळगुळीत, चकाकणारा. तिथली कातडी पातळ आहे… हे वाक्य सरावातही ती रोज म्हणायची. पण पिवळ्याला नाही. लाल लावताना.

"अगं, तू हा व्हिडिओ पुढच्या कॅमेऱ्याने काढलास?" तिने विचारलं.

"मग? तिला स्वतःला दिसायला नको, चौकटीत आहे की नाही ते? तुझा मोबाईल तर आरशासारखाच ठेवतो सगळं. माझ्या शर्टावरची अक्षरंसुद्धा उलटी आहेत, बघ. मला वाटलं तुला माहीत आहे."

तिला माहीत नव्हतं. तिने शर्टाकडे पाहिलं नव्हतं, चट्ट्याकडे पाहिलं नव्हतं. पडद्याच्या उजवीकडे लाल, एवढंच पाहिलं, आणि ते पाठ केलेल्या वाक्याशी इतकं नेमकं जुळलं, की शंका यायला जागाच उरली नाही. मग खोलीत पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून आपल्या उजवीकडे लाल… म्हणजे रेडिओच्या डाव्या हाताला. दिवसेंदिवस चट्ट्यावर लाल चिमटा लावत होते मी, आणि ही बया हळू गं, हळू गं म्हणत होती, आणि मी तिच्याकडे न बघता मोबाईलकडे बघत होते. पेशंटचा उजवा हात, हे तर पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. तोंडाला ते येत होतं. हातांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तिला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्हीला वेळ नव्हता.

"जेवण झालं? ऊठ. बाकावर आडवी हो."

"इथे? लोक काय म्हणतील?"

"लोकांचे हात चुकले नाहीत. माझे चुकलेत."

चिमटे नव्हते, म्हणून रुमाल लाल झाला आणि बाटलीचं झाकण पिवळं. उजवा हात दे. डावा दे. पायाशी उभी राहून, मग शेजारी, मग डोक्याकडून. रेडिओला पालथं पाडून, बसवून. हात हट्टी होते. दोनदा रुमाल चट्ट्यावर गेला. ठीक आहे, तुम्ही हट्टी तर मी तुमची आई आहे, तिने त्यांना मनात बजावलं. मोबाईल खिशात होता. टाकून देणार नव्हती ती त्याला. त्याचा काय दोष, त्याने आरशाचं काम आरशासारखं केलं. रात्री याच मोबाईलवर नवा व्हिडिओ करायचा होता, मागच्या कॅमेऱ्याने, उशाजवळून, आवाजासकट. पण आधी संध्याकाळ.

संध्याकाळी मास्तरांचा तळवा तिथेच होता. सिस्टर खाटेच्या पलीकडे, हाताची घडी घालून. ती पायथ्याशी गेली — सवयीने, पाय आपोआप — थांबली, आणि वळून मास्तरांच्या खांद्याशी येऊन उभी राहिली.

"परत?" मास्तरांनी विचारलं. आवाज शाळेच्या मैदानावरचा, पण आतून पोकळ झालेला. "मुली, खरं सांग. उजवीकडे आहे ना ते? कुणी सांगत नाही मला."

सिस्टर समोर होत्या. चिमटे लावणं एवढंच तिला सांगितलेलं होतं. तेवढंच करून गप्प बसता आलं असतं.

"नाही, मास्तर. सकाळी माझं चुकलं. हातांचे चिमटे मी उलटे लावले होते. तुमचं हृदय जागच्या जागी आहे."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा तळवा हळूहळू सरकला, छातीच्या मधल्या हाडावरून पलीकडे, डावीकडे, आणि थांबला.

"आहे," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "कवायतीला निम्मी पोरं रोज उलटी वळायची. मी कुणाला मैदानाबाहेर नाही काढलं." सिस्टर खिडकीकडे बघत होत्या.

"उजवा हात द्या, मास्तर."

"मी डावखुरा आहे हं. खात्री करून घे."

आणि त्या एका वाक्याने सगळं पुन्हा ढवळलं. रुमाल, झाकण, पडदा, चट्टा… लाल चिमटा उघडून ती तशीच थांबली. घाई केली नाही. मास्तरांचं मनगट हातात घेतलं, तिथून दंडापर्यंत, खांद्यापर्यंत, मग चेहऱ्यापर्यंत नजर नेली, आणि सकाळी आपण हा चेहरा पाहिलाच नव्हता हे तिला स्वच्छ कळलं. मग लावला. मग पिवळा, मग पाय, मग छातीवरचं सगळं. मशीन कुरकुरलं आणि पट्टी सरकत बाहेर येऊ लागली.

सिस्टरांनी ती फाडून उजेडाला धरली. ती स्वतः पट्टीकडे बघत नव्हती. मास्तरांचे डोळे मिटले होते आणि छाती सावकाश वरखाली होत होती. जेलीचे डाग पुसायला मी कापूस उचलला, तेव्हा दिसलं की माझे हात थरथरताहेत. सकाळी हे जराही थरथरले नव्हते. थरथरू देत, मी म्हटलं, आणि त्यांचं मनगट पुसायला घेतलं.