थांबलेला गुरुवार

हेलेना या राजधानीच्या शहरातल्या विधानसभेत शनिवारचं ऊन खिडकीतून आत आलं, तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अजून गुरुवारच होता. अधिवेशन गुरुवारी रात्री बाराला संपलंच पाहिजे, असा कायदा. काम काही संपत नाही, ही वस्तुस्थिती. म्हणून द्वारपाल क्लीटस दर अधिवेशनासारखा शिडीवर चढला आणि बारा वाजायच्या आत त्यानं लोलक धरून घड्याळ थांबवलं. १९५३ साली यात कुणालाच गैर वाटत नसे.

हाल्वर स्ट्रँडनं आमदारकीत केस पांढरे केले ते एकाच विधेयकापायी: त्याच्या एल्क फोर्क गावाला इस्पितळ हवं. सगळ्यात जवळचं इस्पितळ अर्ध्या दिवसावर, तेही बर्फ नसेल तर. बर्फ असेच. घरी त्याची बायको सिग्ने शेवटच्या दुखण्यात पडली होती आणि इथं हा एक उठला तरी विधेयक पडणार होतं.

शुक्रवारी त्यानं फोन केला.

"येऊ का गं?"

"मत दिलंस?"

"नाही अजून. घड्याळ थांबवलंय."

"मग मला कसली घाई? मीही बसते गुरुवारातच. पण हरून आलास तर दार उघडायची नाही हां!"

शनिवारी दुपारी विधेयक एका मतानं पास झालं. जन्मभर विरोधात बसलेला बर्ल हॅस्केट पाठीवर थाप मारायला आला. "जा आता घरी, थेरड्या. वहिनीला सांग, बर्ल हरला."

तेवढ्यात क्लीटस हाल्वरजवळ वाकला. "साहेब, घरून फोन होता. बाई सकाळी गेल्या."

बर्लनं तिथल्या तिथे शोकप्रस्ताव मांडला. सभापती थडियस क्रूमनी घड्याळाकडे पाहिलं, मग चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"प्रस्ताव नियमबाह्य आहे. सभागृहात आज गुरुवार आहे. आमच्या लेखी मिसेस स्ट्रँड हयात आहेत."

"लाज वाटते का रे, थडियस?" बर्ल म्हणाला.

"वाटते. पण शनिवार मानला, तर इस्पितळच बेकायदा ठरतं."

आता फक्त तहकुबी उरली होती; ती झाली की घड्याळ चालू, गुरुवार संपला. हाल्वर उठला.

"मला बोलायचंय."

"कशावर?"

"कशावरही."

आणि तो बोलत राहिला. इस्पितळाच्या खिडक्या नदीकडे हव्यात. सूप गरम हवं. सिग्ने कॉफी उकळताना त्यात अंडं फोडते, लोक नावं ठेवतात, पण तेच बरोबर आहे. ती झोपेत नॉर्वेजियनमध्ये भांडते. ती पत्त्यांत लबाडी करते. तीन दिवस एकाच शर्टात बसलेल्या आमदारांपैकी एकानंही त्याला आवरा म्हटलं नाही. बर्लचा आजचा गुरांचा बाजार हुकला होता. तो हनुवटी छातीला टेकवून ऐकत होता.

ऊन भिंतीवरून उतरलं. हाल्वरचा आवाज बसला. त्यानं पहिल्यांदाच घड्याळाकडे पाहिलं.

"क्लीटस, शिडी आण."

"राहू दे की साहेब अजून थोडं."

"आण बाबा. तिला किती वेळ बसवून ठेवू?"

क्लीटसनं शिडी आणली. बर्ल हॅस्केटनं ती खालून दोन्ही हातांनी धरली.