जेवणाआधीची प्रार्थना

बिशपसाहेबांनी बोटातली जांभळ्या खड्याची अंगठी काढली, रुमालात गुंडाळून खिशात टाकली आणि तांब्याखाली हात धरले. यजमान पाळक शिताक्वा वाकून पाणी घालत होते. टेबलावर मक्याच्या पिठाची घट्ट उगाली वाफाळत होती, शेजारी पातेलंभर कोंबडीचा रस्सा. मंडळीचे दोघं पंच त्या पातेल्याकडे बघत आपल्या पाळीची वाट पाहत होते.

"तर एलिफाजचं ठरलं," हात पुसत बिशपसाहेब म्हणाले. "पुढच्या रविवारपासून तो या मंडळीत नाही. मुसोंगा मिशनवर जाईल."

त्रुफोसानं श्वास सोडला. महिला मंडळाची अध्यक्ष म्हणून टेबलाशी बसलेली ती एकटीच बाई. "आणि तिथं काय करणार तो?" तिनं विचारलं.

"धर्मशिक्षक आहे, दुसरं काय करणार? वसतिगृहातल्या मुलींना शिकवेल."

"साहेब, मुलींना?"

"माई, जरा हळू," पंच झाब्लोन पुटपुटला. खरं तर तिचा आवाज चढलाच नव्हता.

"बोलू दे रे तिला," बिशपसाहेब हसले. "पण काय गं बाई, वडीलधाऱ्यांशी नम्रपणे बोलावं, हे मंडळात तूच शिकवतेस ना?"

शिकवत होती, आणि मनापासून मानतही होती. एलिफाजनं गायनवृंदातल्या जेरीदाला वेस्ट्रीत, पाळकांचे झगे ठेवायच्या खोलीत कोंडलं, तेव्हापासून ही माणसं म्हणतील तितक्या नरमाईनं ती बोलत आली होती. हात जोडून शिताक्वांकडे गेली, पंचांकडे गेली. प्रत्येकानं तिच्या गोड बोलण्याचं कौतुक केलं आणि तिला चहा पाजून परत पाठवलं. पोर घराबाहेर पडेनाशी झाली होती आणि हे लोक सौम्यतेचे धडे देत होते! ज्या शब्दावर तिनं आयुष्य काढलं, तो यांच्या तोंडी ऐकताना तिला शिसारी आली. बिशपसाहेबांचे ओले, गुबगुबीत हात, झाब्लोनचं सारखं ओठ चाटणं, सगळ्याचीच किळस आली. उठून निघून जावं असं वाटलं. पण ती उठली असती, तर मुसोंगाच्या मुलींबद्दल बोलायला तिथं कुणीच उरलं नसतं.

"चला, आज प्रार्थना माईच करतील," बिशपसाहेब मोठ्या मनानं म्हणाले. "त्यांचंही मन शांत होईल."

सगळ्यांनी डोळे मिटले. त्रुफोसानंही मिटले.

"स्वर्गातल्या बापा, या अन्नासाठी तुझे उपकार मानतो. ते आमची बहीण रासोआ हिनं रांधलंय. जेरीदाची आई. घरात अंडी देणारी एकच कोंबडी होती, ती तिनं कापली. बिशपसाहेब आपल्या लेकीला न्याय द्यायला आलेत, असं तिला वाटलं."

एक खुर्ची करकरली. त्रुफोसाचा आवाज तान्ह्याला थोपटताना असावा तसाच होता.

"बापा, एलिफाजनं त्या लेकराचं काय केलं, हे इथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आता त्याला मुसोंगाच्या लेकींकडे धाडतायत. आमच्या या वडीलधाऱ्यांना त्याला पोलिसांकडे न्यायची हिंमत दे."

शिताक्वा खाकरले. पण चालू प्रार्थना तोडायची कशी? ते नुसतेच खाकरत राहिले.

"आणि तेवढी हिंमत होत नसेल, तर निदान काय ठरवलंय ते रासोआला स्वतःच्या तोंडानं सांगायचं बळ दे. ती इथंच दाराआड उभी आहे. येशूच्या नावानं मागते."

आमेन कुणीच म्हणेना. त्रुफोसानं डोळे उघडले. चौघांच्याही माना खाली होत्या. आधी कुणी वर बघायचं, हाच प्रश्न पडल्यासारख्या.

"आमेन," स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

रासोआ कमरेच्या फडक्याला हात पुसत आत आली. तिनं कुणाकडे रोखून पाहिलं नाही. बिशपसाहेबांच्या बाजूला जाऊन, गुडघे किंचित वाकवून तिनं रश्श्याचं पातेलं उचललं.

"गार झालंय, साहेब," ती अदबीनं म्हणाली. "नेते मी."

"हो, हो, ने बाई. चांगलं गरम करून आण," बिशपसाहेब सुटल्यासारखे म्हणाले. मग त्रुफोसाकडे वळले. "प्रार्थना लांबली जरा."

"हो, साहेब," त्रुफोसा म्हणाली.

मागचं दार वाजलं. खिडकीतून त्रुफोसाला उतारावरची पायवाट दिसत होती. रासोआ पातेलं डोक्यावर घेऊन, एका हातानं सावरत, आपल्या घराकडे चालली होती.

"फार वेळ लावतेय," झाब्लोन म्हणाला.

त्रुफोसानं कोरड्या उगालीचं ताट दोन्ही हातांनी अदबीनं त्याच्यापुढे सरकवलं.