डोक्यातली जुनी राखणदारीण

मित्रांनो, मला तुम्ही कधी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. मी एक जुनी पेशी आहे. पुस्तकं बांधणाऱ्या एका बाईच्या मेंदूत राहते आणि तिथली राखण करते. बाई आईच्या पोटात जेमतेम काही आठवड्यांची होती, तेव्हाच माझ्या घराण्यातल्या पहिल्या पेशी इथे येऊन राहिल्या. माझा जन्म वीसेक वर्षांपूर्वीचा. पेशीच्या मानाने मी म्हातारीच.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना बारीक जोडांनी बांधलेल्या असतात. मी माझे हात पसरून ते जोड चाचपत असते. निकामी झालेला कापते, मेलेलं उचलते, कुणी आगंतुक शिरलाच तर त्याला गिळते. बाई हुशार आहे असं लोक म्हणतात, तेव्हा माझं नाव कुणी घेत नाही. त्याचं मला काही वाटत नाही. झाडणाऱ्याचं नाव कोण घेतं?

माझं आणखी एक काम आहे. शरीरात कुठे जंतू शिरले, की तिथले शिपाई, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, रक्तातून निरोप धाडतात. तो मी मेंदूला सांगते, "आज खाऊ नको, पडून राहा." आजारी माणसाला अंथरूण सोडवत नाही ते यामुळे. त्यात त्याचं भलंच असतं, सगळी ताकद लढाईला मिळते. तरुणपणी मी हे हळू आवाजात सांगायची. बाई दोन दिवस पडून राही, तिसऱ्या दिवशी सुई हातात घेई.

म्हातारपणी मात्र मला हळू बोलता येईनासं झालं.

बाई आणि तिचा नवरा दोघं मिळून काम करत. राहण्याची आणि कामाची जागा एकच, दुसऱ्या मजल्यावर; संडास तळमजल्यावर. बाईचे गुडघे दुखू लागले तसं तिने दिवसा पाणी पिणंच सोडलं.

"अगं, घोटभर तरी पी," नवरा म्हणायचा.

"पिते. पण मग जिने माझ्याऐवजी तुम्ही उतरणार का?"

अशाने तिच्या मूत्राशयात जंतू वाढले. या वयात ताप येतोच असं नाही. तिलाही आला नाही. निरोप मात्र माझ्यापर्यंत आला. "जरा पड," एवढंच मी म्हणायला हवं होतं. मी किंचाळले. माझ्या आजूबाजूच्या म्हाताऱ्या राखणदारणीही किंचाळू लागल्या. त्या गोंगाटात मेंदूच्या पेशींना एकमेकींचं ऐकू येईना.

तो मंगळवार होता. बाई छापील कागदांच्या घड्या एकावर एक ठेवून शिवत होती. पन्नास वर्षं सरावलेला हात तो, पण चार घड्या उलट्या शिवल्या गेल्या. नवऱ्याने पाहिलं. "अगं, यांचं डोकं खाली आणि पाय वर कसे झाले?"

बाईने मान वर केली. "तुम्ही कोण? माझ्या नवऱ्याच्या खुर्चीत का बसलात?"

तो हसला. त्याला थट्टा वाटली. बाईने सुई त्याच्यावर रोखली तेव्हा त्याचं हसू गेलं.

दुसऱ्या दिवशी लेक आली. आईने बाबांना माळ्यावरच्या खोलीत कोंडून कडी घातली होती. लेकीने कडी काढली आणि ती तिथेच रडायला बसली.

"बाबा, हे होणारच होतं. आई वर्षभर नावं विसरतेय."

"नावं मीही विसरतो. जावयाचं तर मुद्दाम."

"थट्टा पुरे. तुम्हाला झेपणार नाही हे."

स्मृती गेलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या एका संस्थेचा अर्ज तिने आणला होता. एकच खाट रिकामी होती, शनिवारपर्यंत कळवायचं होतं. म्हाताऱ्याने बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि सही केली. मी सगळं ऐकत होते. बाईच्या कानांवर पडलेलं माझ्या शेजारूनच जातं. पण खरं काय ते सांगायला मला तोंड नाही.

अर्जावर डॉक्टरांचीही सही लागत होती, म्हणून तिघं त्यांच्याकडे गेली.

"हे कधीपासून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"झालं की वर्ष," लेक म्हणाली.

"नाही," म्हातारा म्हणाला. "मंगळवारी दुपारी तीनपासून. अडीचला खळ पातळ केली म्हणून तिने मला झापलं होतं. चांगलं झापलं होतं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, स्मृती जाण्याचा आजार असा वार आणि वेळ बघून येत नाही. लघवी तपासू."

"लघवीचा आणि माणूस ओळखण्याचा काय संबंध?" लेकीने विचारलं.

"घर एकच ना? खाली जाळ झाला की धूर वर जातो."

तपासणीत जंतू सापडले. औषध सुरू झालं. नवरा तासातासाला पेला घेऊन येई आणि बाईला हाताला धरून जिने उतरवी. ती त्याला "अहो गृहस्थ" म्हणायची. जंतू चार दिवसांत हटले. मला गप्प व्हायला त्याहून जास्त दिवस लागले.

नवव्या दिवशी सकाळी तिने विचारलं, "अहो, मी तुम्हाला काही वेडंवाकडं बोलले का?"

तो कागदाला घडी घालत होता. "छे. झोपूनच होतीस."

"खरं?"

"मग काय खोटं सांगतोय?"

लेकीने तो अर्ज फाडला. पण मित्रांनो, सगळंच परत आलं नाही. त्या धांदलीत मी काही चांगले जोडही कापले. तिला आता शिवणीची शेवटची गाठ आठवत नाही. ती नवरा मारून देतो.

मी आणखी म्हातारी होणार. पुन्हा जंतू शिरले तर पुन्हा किंचाळेन, ते मला आवरता येत नाही. म्हणून तुम्हाला विनवते. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस एकाएकी बदललं, तर "वय झालं" म्हणून त्याला बाजूला सारू नका. कधीपासून, ते नीट आठवा. डॉक्टरांकडे न्या. आणि तोवर त्याच्याजवळ बसून राहा. ते विचारेल, "तुम्ही कोण?" तरी उठून जाऊ नका.