दाढदुखीचा बुधवार

फाटकाची घंटा वाजली तसा कुनिहिकोंनी खुंटीवरचा लोकरी मफलर ओढला आणि हनुवटीपासून कानांपर्यंत गच्च गुंडाळून घेतला.

"दाढ दुखतेय म्हणून सांग," ते बायकोला म्हणाले.

"सांगते हो. पण जरा कण्हा तरी," त्सुरुयो हसू दाबत म्हणाली.

कादंबरी लिहायला घेतली की कुनिहिको दाढीला वस्तरा लावू देत नसत. शेवटची ओळ उतरली की मात्र थेट स्टेशनजवळच्या न्हाव्याकडे. उभ्या कामाकुरा गावाला ठाऊक असलेली ही सवय. नऊ वर्षं चाललेली कादंबरी सोमवारी संपली आणि सवयीनं घात केला. गुळगुळीत हनुवटी घेऊन घरी आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आता मिनेको यायची थांबणार.

मिनेको प्रकाशकांकडची संपादक. लिहून झालेली पानं न्यायला दर बुधवारी टोकियोहून यायची, जेवून जायची, गुरुजींशी हक्कानं भांडायची. घरात मूलबाळ नव्हतं. दोघांचा जीव तिच्यावर जडला होता.

"हे काय, गुरुजी?" आत येत तिनं विचारलं.

"दाढ!" मफलरमधून आवाज आला. "शेवटचं प्रकरण काही हलत नाहीये बघ. आठ दिवस तरी लागतील."

"लागू देत की. दाढेपुढे कुणाचं चालतं?"

चहा झाला, गप्पा रंगल्या. बोलण्याच्या भरात कुनिहिकोंनी तांदळाची खारी चकती उचलली आणि कडाकडा चावून फस्त केली. त्सुरुयोनं डोळ्यांनी खुणावलं, पण त्यांचं लक्ष कुठे! मिनेकोनं बशीच त्यांच्याकडे सरकवली.

निघताना त्सुरुयो तिला फाटकापर्यंत सोडायला गेली.

"काकू, न्हाव्यानं दाढी झकास केलीय म्हणे. स्टेशनवर भेटला, तोच कौतुकानं सांगत होता."

"अगं, ते..." त्सुरुयो ओशाळली.

"मी तिथूनच ऑफिसला फोन केला. म्हटलं, गुरुजींच्या कादंबरीचं इतक्यात काही खरं नाही. वसंतात चेरी फुलेपर्यंत तरी मला यावंच लागणार."

तिला पोटाशी धरावं असं त्सुरुयोला वाटलं. तिनं नुसतीच तिच्या कोटाची कॉलर सारखी केली.

आत कुनिहिको मफलर सोडत होते.

"ओळखलं का गं तिनं?"

"छे! फसवावं तर तुम्हीच," त्सुरुयो म्हणाली. "आणा तो इकडे, धुऊन ठेवते. चेरी फुलेपर्यंत लागणार आहे."

कुनिहिकोंनी खुशीत आणखी एक चकती तोंडात टाकली.