उत्तरेकडून उगवलेला सूर्य

मित्रांनो, कोचकोर गावात उल्कान आपांच्या अंगणात कोळशाचा ढीग आहे. त्यावर चार दगडांनी दाबून ठेवलेले जे फाटके प्लास्टिकचे कापड दिसते, ते मी. खुशाल नाक मुरडा. एके काळी बिश्केक शहराच्या हमरस्त्यावर मी बारा मीटर लांबीचा तोरा मिरवत होते, तेव्हा मीही सगळ्यांना नाक मुरडत होते.

मी एका इमारतीचे जुने चित्र आहे. इमारत उभी राहण्याआधी ती कशी दिसेल ते लोकांना दाखवायला मला तयार केले. खरे म्हणजे ती कशी दिसणार नाही ते दाखवायला, पण ते पुढे येईलच.

मला घडवले मेरीमने. मेरीम म्हणजे उल्कान आपांची थोरली मुलगी. ती एका बांधकाम कंपनीत संगणकावर चित्रे करायची. हात चांगला होता, हे मला मान्य करावे लागते. आधी तिने पेन्सिलने कागदावर नुसती कल्पना मांडली: सात मजले, समोर लांब बाल्कन्या, दाराशी पॉपलरची दोन झाडे. मग संगणकात माझा सांगाडा उभा केला. राखी रंगाचा, ना रूप ना रंग. आयुष्यात मी खरे बोलले असेन तर त्या तीन दिवसांत. चौथ्या दिवशी माझ्याकडे कुठून बघायचे ते ठरवायची वेळ आली आणि कंपनीचे मालक मुकाश खोलीत आले. त्यांना सगळे बाइके, म्हणजे दादा म्हणत.

“मागे डोंगर पाहिजेत,” ते म्हणाले, “बर्फासकट. डोंगर नसतील तर गिऱ्हाईक ढुंकून बघत नाही.”

आता बिश्केकमध्ये डोंगर दक्षिणेला. तिथले शेंबडे पोरसुद्धा रस्ता सांगताना ‘डोंगराकडे दोन चौक वर जा’ असेच सांगते. म्हणजे माझ्या मागे डोंगर आला की माझे तोंड उत्तरेला आणि ऊन पाठीवर. मेरीमने ऑक्टोबरातला, सकाळी दहाचा खराखुरा सूर्य लावला. माझा चेहरा किटलीच्या बुडासारखा काळा पडला.

“हे काय, शवागार बांधतोय का आपण?” मुकाश म्हणाले. “सूर्य इकडून आण.”

“बाइके, उत्तरेकडून ऊन येत नाही.”

“तुझ्या त्या डब्यात येतं ना? मग झालं.”

“लोकांच्या लक्षात येईल.”

“लोक डोंगर बघतात आणि दर बघतात. वीस वर्षं घरं विकतोय मी. मला लोक शिकवू नकोस.”

मला वाटले होते, मेंढपाळाची मुलगी आहे, थोडी तरी भांडेल. तिने एक बोट हलवले आणि सूर्य उत्तरेला आणून ठेवला. माझ्या बाल्कन्यांवर मधासारखे ऊन पसरले. मुकाश खूश झाले आणि चहा मागवून त्यात तीन चमचे जाम ढवळत बसले.

मग माझा साजशृंगार. भिंतींना परदेशी दगड दिला. प्रत्यक्षात लागला तो पिवळा गिलावा. लाकडाला रेषा आल्या, काचेत ढग आले. फरशी पाऊस पडून गेल्यासारखी ओली केली, कारण ओली फरशी श्रीमंत दिसते. दाराशी सोनेरी केसांची एक बाई कुत्र्याची दोरी धरून उभी केली. तसली बाई त्या रस्त्याला कधी फिरकली नाही. ज्या कोळशाच्या धुरात हिवाळाभर डोंगर दिसत नाहीत, तो धूर मात्र घालायचे कुणाला सुचले नाही. संगणक सहा तास घरघरला आणि मी पूर्ण झाले.

कुंपणावर मला टांगले तेव्हा काय ती वाहवा झाली. लोक मान वर करून बघत राहायचे. मला त्यांची कीव नाही, किळस यायची. एरवी पाव कुठे मिळतो ते सांगायलाही डोंगराकडे हात करणारी ही माणसे माझ्यासमोर उभी राहिली की डोंगर कुठे असतो आणि ऊन कुठून येते हेच विसरायची. समोरच्या बाजूचे निम्मे फ्लॅट पहिल्याच आठवड्यात गेले. मुकाशनी मेरीमच्या पाठीवर थाप मारली आणि तिला खिडकीजवळचे टेबल दिले. त्या खिडकीत ऊन यायचे.

एका शुक्रवारी दुपारी मेरीमचा धाकटा भाऊ उलान तिला माझ्यासमोर घेऊन आला. तो लॉरी चालवायचा. मेरीमला तो एजे, म्हणजे ताई म्हणायचा आणि आईला दोघेही आपा म्हणत.

“एजे, तिसऱ्या मजल्यावर बघ. ती आपाची बाल्कनी. मी बोलून ठेवलंय. डॉक्टर म्हणाले ना, गुडघ्यांना ऊन पाहिजे? बसेल आता दिवसभर.”

मेरीमने माझ्याकडे पाहिले, मग जमिनीकडे.

“आणि गावचं घर?”

“गिऱ्हाईक मिळालंय. रविवारी सही. उद्या आपा येतेय, एकदा बघायचं म्हणते.”

मित्रांनो, तिला चारच शब्द बोलायचे होते: तिथे ऊन येत नाही. ती बोलली नाही. बोलली असती तर मी तिचेच पाप आहे हे सांगावे लागले असते आणि ते टेबलही गेले असते. “बरं,” एवढेच म्हणाली. त्या क्षणी ती माझ्या मनातून जी उतरली ती पुन्हा पूर्ण चढली नाही.

शनिवारी उल्कान आपा आल्या. डोक्याला पांढरा रुमाल, हातात काठी. भर दुपारी रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग कुंपणावरून मागच्या खऱ्या डोंगराकडे पाहिले. मग काठी सरळ रोवली आणि तिच्या सावलीकडे पाहिले. काठीची सावली डोंगराकडे पाठ करून पडली होती. माझ्यातल्या पॉपलरांच्या सावल्या डोंगराकडे धावत होत्या.

“मेरीम, तुझा बाप हिवाळ्यात मेंढरं कुठं ठेवायचा?”

“कुंगेयवर, आपा.” कुंगेय म्हणजे डोंगराची उन्हाची बाजू. सावलीची ती तेस्केय.

“आणि तेस्केयवर कोण राहतं?”

“कुणी नाही.”

“लांडगा राहतो. हे घर तेस्केयचं आहे. त्याच्या तोंडाला कुंगेयचं ऊन कुणी फासलं?”

“आपा, कॉम्प्युटरवर केलंय ते,” उलान मध्ये पडला. “शिकलेली माणसं करतात.”

“तू गप बस. मी हिला विचारतेय.”

मेरीमने काठीच्या सावलीकडे पाहिले. मग म्हणाली, “मी.”

“चुकून?”

“नाही. समजून उमजून.”

“आणि माझं घर विकायला काढलं, तेव्हाही तुला ठाऊक होतं?”

“होतं.”

आपा ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. “आमच्या मेंढ्या शाळेत गेल्या नव्हत्या,” त्या शांतपणे म्हणाल्या, “पण एकीनंही आपल्या आईला तेस्केयवर नेऊन बसवलं नाही. उलान, गाडी काढ. त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळव.” दोन पावले जाऊन त्या वळल्या. “मला सांगितलंस. आता बाकीच्यांना सांग. त्यांनाही गुडघे आहेत.”

सोमवारी मेरीमने सूर्य पुन्हा जागेवर नेला, ते चित्र मोठ्या कागदावर छापले आणि माझ्याशेजारी चिकटवले. तीच इमारत, तोच डोंगर, चेहरा काळा. मला माझे खरे तोंड तेव्हा दिसले. पाच-सहा माणसे थांबली. एक जण म्हणाला, “ढगाळ दिवसाचं असेल,” आणि आत जाऊन फ्लॅट ठरवून आला. फक्त एका बाईने मान वळवून स्वतःची सावली पाहिली आणि निघून गेली. दुपारी मुकाशनी तो कागद टराटरा फाडला. मेरीमचे टेबल दुसऱ्याला मिळाले. इमारत पुरी झाली, सगळे फ्लॅट विकले गेले, आणि समोरच्या बाजूला आता दुपारी बाराला दिवे लागतात.

मला उतरवले तेव्हा कापड भक्कम आहे म्हणून उलानने उचलून गावी आणले. गंमत बघा: ते कुंपणही उत्तरेकडे तोंड करून होते. म्हणजे अंगभर ऊन रंगवलेली मी, आणि हिवाळाभर उन्हाचा कण माझ्या तोंडाला लागला नव्हता. तो इथे, कोळशावर लागला. दोन उन्हाळ्यांत रंग उडाले. डोंगर अजून ओळखू येतो. सगळ्यांत आधी गेले ते मधासारखे ऊन.

माझी निगा राखा असे मी म्हणणार नाही, माझी तेवढी लायकी नाही. निगा तुमच्या आयांची राखा. आणि माझ्यासारखे कुणी समोर आले तर आधी आपली सावली कुठे पडते ते बघा.

मेरीम हिवाळ्यात येते, माझे एक टोक उचलून बादलीत कोळसा भरते आणि माझ्याकडे बघायचे टाळते. परवा आपा घराच्या दक्षिणेच्या भिंतीला पाठ लावून बाकावर बसल्या होत्या, गुडघे उघडे टाकून.

“ती बादली ठेव,” त्या म्हणाल्या. “ये, बस इथं. ऊन आहे.”

मेरीम बसली. दोघींच्या सावल्या मागच्या भिंतीवर पडल्या, पडायला हव्यात तिथेच.