बर्फाच्या डब्यातला आशीर्वाद

रविवारी सकाळी जेलुटोंगच्या रस्त्यावरून कुणी बर्फाचा डबा काखोटीला मारून चाललेलं दिसलं, की तो मासे आणायला निघालाय असं समजण्याचे दिवस गेले होते. तो आशीर्वाद आणायला निघालेला असे.

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर हिमशिखर आजोबांचं ठाणं होतं. मलेशियातल्या पिनांगच्या ज्या उकाड्यात माणसं सावली शोधत रस्ता ओलांडतात, तिथं हे दैवत बर्फाचा डोंगर सोडून कशाला आलं, आणि आलं ते नेमकं भाड्याच्या जागेत का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. दालनात एअरकंडिशनर इतका सोडलेला असे की म्हाताऱ्या बाया स्वेटर घालून बसत. "अंगावर काटा आला ना? आजोबा आले!" असं एकमेकींना सांगत. थंडीनंही काटा येतो, हे मात्र बोलायचं नाही. बोललं की आजोबा रागावत.

आजोबांच्या वतीनं मास्टर चुआ बोलत. पांढरा रेशमी झगा, तुळतुळीत चेहरा, आणि खर्जातला आवाज. समोर टेबल, त्यावर जमिनीपर्यंत लोळणारं जाड लाल कापड. भक्तानं डब्यातून आपला, ठाण्यातूनच मिळालेला पिवळा मंतरलेला कागद काढायचा, दोन बोटांनी कडेला धरायचा आणि कापडावर मधोमध ठेवायचा.

"मध्ये हात लावू नका!" चुआ गर्जत. "तुमच्या बोटांना व्यवहार चिकटलाय!"

मग ते डोळे मिटून घुमू लागत. कोऱ्या पिवळ्या कागदावर हळूहळू लालभडक अक्षर उमटे. दालन "अहाहा!" करून हात जोडी. ज्याच्या कागदावर काही उमटत नसे, त्याचं पूर्वजन्मीचं काहीतरी बाकी असे. ते फेडण्याची सोय चुआ यांच्या बायकोकडे होती.

"आणि मास्टर, घरी असताना अक्षर दिसलं तर?" एका रविवारी एकीनं भीत भीत विचारलं.

"तर समजा, घरात पापी नजर आहे. कागद तत्काळ फ्रीजमध्ये टाका आणि तोंडाला कुलूप लावा!"

त्या दिवशी टिओ स्यू हून नावाची मुलगी आईला गाडीतून घेऊन आली होती. स्यू हून बायान लेपासच्या एका कारखान्यात इंजिनियर होती. तिथं प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यांवर चांदीच्या शाईनं सर्किटं छापत. आपण वर्तमानपत्र छापतो तशीच छपाई, फक्त या अक्षरांतून वीज धावते. तिची आई गाइक केंग कित्येक वर्षं मधुमेहाशी झगडत होती.

आईच्या कागदावर 'शांती' उमटलं. चुआंनी तिचा हात हातात घेतला. "मावशी, तुमच्या रक्तातली साखर आजोबांनी स्वतःकडे घेतली. आता सुया बंद."

"मग आजोबांनाच इन्शुलिन लागेल की," स्यू हून पुटपुटली. आईनं तिला असा चिमटा काढला की तेवढा कागदावर उमटला असता तर तोही चमत्कार ठरला असता.

बाहेर पडताना दारात उई साहेब भेटले. हातात बर्फाचा डबा. उई म्हणजे स्यू हूनच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. केसाहून बारीक रेघेत खोट निघाली तर अख्खा माल परत पाठवणारा माणूस.

"सर, तुम्ही?"

"गुडघा," उई खाली बघत म्हणाले. "आणि हे बघ, श्रद्धेला सूक्ष्मदर्शक लावायचा नसतो."

आईनं त्याच दिवशी इन्शुलिन बंद केलं. स्यू हूनला ते कळलं तेव्हा आईच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम झालेली होती आणि ती काळवंडत चालली होती. मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालं.

"तुला काय जातं गं सुया टोच म्हणायला? पोट माझं आहे!"

"अगं पण तो माणूस डॉक्टर आहे का?"

"तो माझा हात धरून विचारतो, झोप लागते का म्हणून. तू विचारतेस? तू येतेस, आकडा बघतेस, ओरडतेस आणि शिफ्टला जातेस!"

चुआंचा खरा धंदा कुठं चालतो ते स्यू हूनला तिथं पहिल्यांदा कळलं. कागद नुसता निमित्ताला होता. ज्यांचं ऐकायला कुणाला वेळ नाही अशी माणसं, हे खरं भांडवल.

कशीबशी समजूत घालून तिनं आईला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर रोहायदांनी पाय पाहिला, पट्टी बांधली आणि स्पष्टच सांगितलं, "मावशी, जखमेला मंत्र ऐकू येत नाही. साखर अशीच राहिली तर अंगठ्यावर भागणार नाही, पाय जाईल."

"रविवारी आजोबांना विचारून सांगते," आई म्हणाली. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

घरी आल्यावर आईनं आजोबांना नमस्कार करायला म्हणून कागद फ्रीजमधून काढून टेबलावर ठेवला आणि उदबत्ती शोधायला आत गेली. स्यू हून गरमागरम कॉफीचा ग्लास घेऊन वैतागलेली येऊन बसली. रागाच्या भरात आपण ग्लास कुठं ठेवतोय याकडे तिचं लक्ष नव्हतं. तो कागदावरच टेकला.

ग्लास उचलला आणि ती बघतच राहिली. ग्लासाच्या बुडाएवढ्या गोलात 'शांती'चा अर्धा भाग लाल होऊन हसत होता. ना मंत्र, ना घुमणं, ना पूर्वजन्म. आजोबा कॉफीला पावले होते!

तिनं कागदाचा कोपरा नखानं उचकटला. कागद एक नव्हताच, दोन पापुद्रे चिकटवले होते. आतमध्ये चांदीच्या शाईनं छापलेलं चौकोनी वेटोळं होतं आणि त्याला जोडलेली काळ्या शाईची नागमोडी रेघ होती. रोज दिवसभर ती जे बघत असे तेच. आधी तिला हसू फुटलं. मग आईचा बँडेज बांधलेला पाय आठवला आणि हसू जागच्या जागी आटलं.

दुसऱ्या दिवशी तो कागद तिनं आईच्या नकळत नेऊन उई साहेबांच्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला.

"मी बघणार नाही," उई म्हणाले.

"नका बघू. फक्त डोळा लावा."

उईंनी डोळा लावला. बराच वेळ काढला नाही. कान हळूहळू लाल होत गेले. श्रद्धेचं काय झालं कोण जाणे, पण त्यांच्यातला तपासनीस मात्र खडबडून जागा झाला.

"काय भिकार छपाई आहे! कडा फुटल्यात. एक थर दुसऱ्यावरून सरकलाय. हा माल मी दारातूनही आत घेतला नसता!"

"सर, तुम्ही असलाच माल फ्रीजमध्ये ठेवून पुजताय."

उई खुर्चीत बसले. गुडघा चोळत म्हणाले, "दुखायचा थांबलाच नव्हता गं. पण सगळ्यांसमोर बरा झाला म्हणून सांगून बसलो. मग परत कसं फिरायचं?" मग त्यांनी मान वर केली. "पोलिसांकडे जाऊ या?"

"जाऊ. पण आईनं आजोबांशिवाय कुणाचं ऐकायचं नाही असं ठरवलंय. तर मग आजोबांनाच बोलू दे."

मास्टर चुआंच्या वेटोळ्याची हुबेहूब नक्कल त्या दोघांनी नमुने छापायच्या यंत्रावर दोन कागदांसाठी छापली. उईंनी एकेक रेघ तपासून घेतली. म्हणाले, फसवणूक उघडी करायची तरी माल निर्दोष हवा. त्यावर लाल अक्षरं, अक्षरांवर पिवळी शाई. रविवारी निघण्यापूर्वी स्यू हूननं जुन्या कागदाऐवजी एक नवा आईच्या डब्यात ठेवला, दुसरा उईंनी नेला.

दालन खचाखच भरलं होतं. लाल कापडावर आईनं कागद ठेवला. चुआ घुमू लागले. कागदावर एक अक्षर उमटलं, मग दुसरं, मग तिसरं. एवढी अक्षरं आजवर कुणालाच मिळाली नव्हती. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं चष्मा सावरून मोठ्यानं वाचलं:

"इन्शुलिन टोचून घे!"

चुआंनी डोळे उघडले, कागद पाहिला आणि पुन्हा घट्ट मिटून घेतले.

"आजोबा म्हणतात घे!" आई चक्रावून म्हणाली. "मास्टर, तुम्ही तर बंद म्हणाला होतात."

"हे... हे आजोबांचं नव्हे. कुणा दुष्ट शक्तीचं काम आहे!"

"तुमच्या टेबलावर?" आईनं विचारलं. "तुम्ही समोर असताना?"

मागून कुणीतरी खुसकन हसलं. चुआ सावरायच्या आत उई साहेब पुढं झाले आणि त्यांनी आपला कागद कापडावर ठेवला. जुना भक्त, गुडघा बरा झालेला. अशाला अडवणार कसं? नाही म्हणावं तर लोक बघताहेत. चुआ पुन्हा घुमू लागले. कागदावर अक्षरं उमटली आणि म्हाताऱ्यानं आता न सांगताच वाचायला घेतलं:

"चुआ, खटक्यावरून पाय काढ!"

आणि चुआंनी पाय काढला! नाव घेताच चोरानं मागं वळून बघावं तसा, एकदम, झग्यासकट. त्या गारठ्यात कागद भराभर निवला, अक्षरं फिकी होत होत पुसली गेली. कागद पुन्हा कोरा.

"परत ठेवा बघू पाय!" एक बाई ओरडली.

चुआंनी काही पाय ठेवला नाही. स्यू हून पुढं झाली आणि तिनं लाल कापड उचललं. टेबलाच्या फळीखाली तांब्याच्या तारेचं ताटलीएवढं वेटोळं बसवलेलं होतं. तिथून निघालेली वायर खाली खटक्याला जोडली होती, खटक्याला लागूनच चुआंची चप्पल.

"तार न जोडता फोन चार्ज होतो ना, तसंच हे," ती म्हणाली. "मास्टरांचे हात कायम वर दिसायचे, म्हणजे खटका पायाशीच असणार हे आम्ही ताडलं. तो दाबला की या वेटोळ्यामुळं कागदातल्या चांदीच्या वेटोळ्यात वीज तयार होते. ती वीज या काळ्या रेघेतून जाते, रेघ कोमट होते. वरची पिवळी शाई ऊब लागली की पारदर्शक होते आणि खाली आधीच छापलेलं अक्षर दिसतं. गरम चहा ओतल्यावर चित्र दिसणारे कप बाजारात मिळतात, तीच शाई. आपल्या हवेत ती नुसती ठेवली तरी पारदर्शक होईल, म्हणून तुमचा फ्रीज, म्हणून बर्फाचे डबे, म्हणून इथला हा गारठा. देव थंड नाही, शाई गरम होते. पटत नसेल तर कागद हाताच्या तळव्यात दाबून धरा."

मग डब्यांची झाकणं उघडू लागली. ज्यांना आजवर पापी ठरवलं होतं, त्यांच्याही तळहातावर 'शांती', 'आरोग्य', 'सुख' फुलू लागलं. एक बाई रडायला लागली. तिचा कागद सतत कोरा राहायचा आणि त्या पायी सासूनं तिचं जगणं नकोसं केलं होतं.

एवढ्यात मागच्या जिन्यावर रेशमी झगा सळसळला. पण खाली दुकानाच्या दारात पोलीस उभे होते. उईंनी वर येतानाच फोन केला होता.

एवढं होऊनही काही जण म्हणालेच, "मास्टर लबाड असतील, पण आजोबा खरे आहेत." खटका दिसला, तार दिसली, चप्पल दिसली. तरी डोळ्यांवर कातडं ओढून घ्यायचंच ठरवलं, तर त्यावर कुठलीच शाई चालत नाही.

गाडीतून येताना, घर जवळ आल्यावर आई म्हणाली, "त्यानं मला बाहुली केलं. मग तूही केलंस."

"हो," स्यू हून म्हणाली. "दुसरं काही सुचलं नाही. झोप लागते का तुला?"

आई खिडकीबाहेर बघत राहिली. "नाही लागत. पाय ठणकतो." मग म्हणाली, "गाडी दवाखान्याकडे घे."

अंगठा काढावा लागला. पाय वाचला. डॉक्टर रोहायदा म्हणाल्या, आणखी थोडे दिवस गेले असते तर पाय वाचेल असं बोलायला मी धजले नसते.

आई घरी आल्यावर शेजारची बाई पपई घेऊन बघायला आली. इकडचं तिकडचं झालं, आणि तिनं खुर्ची पुढं ओढली. "गाइक केंग, इपोह शहरात एक जण आहेत. पाणी मंतरून देतात. साखर चुटकीसरशी उतरते म्हणे. आणि हे अगदी खरे आहेत हो!"

स्यू हूननं तोंड उघडलं, पण आईनं हात वर करून तिला थांबवलं.

"असतील खरे. पाणी देण्याआधी माझं रक्त तपासू देतील? दिल्यानंतर परत तपासू देतील? तेच पाणी डॉक्टरीणबाईंना दाखवू देतील?"

"अगं, देवमाणसाला असले प्रश्न कसे विचारायचे?"

"मी नाही विचारले, म्हणून अंगठा गेला," आई म्हणाली. "आपण आजारी असतो, घाबरलेले असतो, म्हणून विचारत नाही. खरं तर तेव्हाच विचारायचं. जो खरा असेल तो उत्तर देईल. जो चिडेल, त्याच्याकडून उठून यायचं. यात देवाचा काहीएक अपमान नाही."